तुकारामाला आधुनिकतेचं सर्टिफिकेट देणारे तुम्ही कोण?

मराठी समीक्षेत एक धंदा बरीच वर्षं तेजीत आहे. सतराव्या शतकातला कवी घ्यायचा, त्याच्या अंगावरची माती झटकायची, धुऊनपुसून त्याला खुर्चीवर बसवायचा आणि जाहीर करायचं, की बघा, हा तर आधुनिक! याच्यात एकटेपणा आहे. याच्यात संशय आहे. दुभंगलेलं मन आहे, शिवराळ भाषा आहे. मांडा याचं पान काफ्का-कामूच्या पंगतीला. टाळ्या. चहा-बिस्किटं. परिसंवाद संपला. तुकाराम इंद्रायणीकाठी तसाच उभा.

तुकारामात आधुनिक काही नाही असं मी म्हणत नाही. आहे. भरपूर आहे. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. ही मंडळी भावना उचलतात आणि तिचं कारण टाकून देतात. एकटेपणा घेतला, दुष्काळ टाकला. संशय घेतला, कर्ज टाकलं. शिवी घेतली, ती कुणाला हाणली होती ते टाकलं. गोदीत कधी कधी अशी पेटी येते, वरचं लेबल शाबूत, सील जागच्या जागी, उघडली की आत भुसा. माल मधल्या मधे कुणीतरी मारलेला. समीक्षकांच्या हातून आपल्यापर्यंत येणारा तुकाराम हा असा येतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? सतराव्या शतकातल्या वाण्याचं भांडण आपण का घ्यायचं? दोस्तांनो, घ्यायचं, कारण हेच आपल्या कवितेचंही केलं जातं. दलित कवितेची मोडतोड केलेली भाषा कुठून आली, तर म्हणे मर्ढेकरांकडून. मर्ढेकरांकडे कुठून, तर एलियटकडून. म्हणजे १९७२ च्या ‘गोलपिठा’चा आजा लंडनमध्ये! कामाठीपुऱ्याची गल्ली, तिथली बाई, तिथला दलाल, तिथली बोली यांना या वंशावळीत जागाच नाही. या लोकांच्या हिशोबानं आधुनिकता नेहमी बोटीनं येते, मुंबईच्या धक्क्यावर उतरते आणि मग खालच्या वस्त्यांत वाटली जाते. बोटीतून काय उतरतं ते मला विचारा. मी ते पाठीवर वाहून नेतो.

तर आधी त्या बोटीकडेच बघू.

जुन्या कवीत आधुनिक शोधायची ही सवय मराठीत बरीचशी एलियटवरून आली. इंग्रजीत जॉन डन नावाचा कवी होऊन गेला, १५७२ ते १६३१. पुढं दोनेकशे वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही. ओबडधोबड, अवघड, विचित्र उपमांचा म्हणून बाजूला ठेवला. मग १९१२ साली ग्रिअर्सननं त्याच्या कवितांची नीट संपादित आवृत्ती काढली आणि १९२१ साली एलियटनं त्या काळच्या कवींवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की या कवींमध्ये विचार आणि भावना एकजीव होत्या, नंतर त्यांची फाटाफूट झाली. एलियटला स्वतःच्या तुटक, शहरी, बुद्धीनं भारलेल्या कवितेसाठी पूर्वज पाहिजे होता. तो त्यानं शोधला. यात गैर काही नाही. प्रत्येक नवा कवी आपला बाप स्वतः निवडतो.

पण एलियटच्या मागून आलेल्या मास्तरांनी डनचं काय केलं? डनच्या मनातली घालमेल ठेवली आणि त्याची जहाजं गाळली. डन १५९६ साली एसेक्सच्या आरमाराबरोबर काडिझच्या लुटीला गेला होता. १५९७ साली अझोर्स बेटांच्या मोहिमेवर गेला. त्या सफरीवर त्यानं दोन पद्यपत्रं लिहिली, एक वादळावर आणि एक वारा पडलेल्या समुद्रावर. त्या दुसऱ्या पत्रात जहाज जागच्या जागी थिजलंय आणि उन्हानं करपलेली माणसं हॅचवर बळी दिल्यासारखी पडलीयत. हॅच म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, भर मे महिन्यात ज्यानं त्या पत्र्यावर पाय ठेवलाय, त्याला ही कविता शिकवायला प्राध्यापक लागत नाही. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली. १६२२ साली हाच डन, तेव्हा सेंट पॉलचा डीन झालेला, अमेरिकेत वसाहत करणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीपुढं प्रवचन द्यायला उभा राहिला. आणि त्याच्या एका गाजलेल्या प्रेमकवितेत तो सूर्यालाच दरडावतो, की जा, मसाल्यांचा इंडिया आणि खाणींचा इंडिया, दोन्ही जागेवर आहेत का बघून ये, मला तर ते इथं माझ्या अंथरुणात सापडलेत.

बघा म्हणजे. ज्या कवितेला इंग्रजीतले विद्वान आधुनिक मनाची पहाट समजतात, त्या कवितेत आपण आहोत. माणूस म्हणून नाही, माल म्हणून. ज्या व्यापारानं जगाचा नकाशा बदलला, त्याच व्यापारानं डनला नव्या उपमा दिल्या आणि दुसरीकडं कुणाला तरी गोणी उचलायला दिली. डन मोठा कवी आहे. त्याचा मोठेपणा मला नाकारायचा नाही. पण त्याचं आधुनिकपण हे त्याच्या डोक्यातच उगवलं असं सांगणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड आहे.

आता देहूला या. डन मेला १६३१ साली. त्याच सुमाराला दख्खनेत आणि गुजरातेत मोठा दुष्काळ पडला होता. सुरतेहून वर आग्र्याकडं जाताना ईस्ट इंडिया कंपनीच्या पीटर मंडीनं रस्त्यावरची मढी बघितली आणि लिहून ठेवली. त्याच दुष्काळात देहूच्या मोऱ्यांच्या घरचं दुकान बसलं. तुकाराम जातीनं कुणबी, धंद्यानं वाणी, घरात सावकारी आणि महाजनकी. पहिली बायको अन्नावाचून गेली. पैसा गेला, अब्रू गेली. हे त्यानं स्वतः अभंगात सांगितलंय, अगदी कोरड्या शब्दांत, वहीत खर्च मांडावा तसं. पुढं त्यानं आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं चरित्रकार सांगतात. भावाची अर्धी त्याला देऊन टाकली, आपली अर्धी पाण्यात. सावकारानं सावकारीच बुडवली.

आता त्याचा संशय बघा. एका अभंगात तुकाराम देवाला आपल्यापुरता मेलेला ठरवून मोकळा होतो. विद्वान इथं उड्या मारतात. नीत्शेच्या अडीचशे वर्षं आधी! देहूत नीत्शे! पण तुकारामाचा तिथला शब्द काय आहे? ‘लेखी’. लेखी म्हणजे हिशोबी. आमच्या लेखी तो मेला, असं आपण आजही बोलतो आणि विसरतो की हा शब्द लेखाजोख्यातला आहे. तुकारामाला विसर पडणं शक्य नव्हतं, त्याचा जन्मच वहीखात्यात गेलेला. वर्षानुवर्षं उधारी थकवणाऱ्या कुळाचं नाव वाणी बुडीत खात्याला टाकतो, त्याच्याशी बोलणं तोडतो, त्याचं नाव काढत नाही. तुकारामानं देवाचं तेच केलं. देवाचं दिवाळं निघालं असंही तो दुसरीकडं बोलतो. हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न नव्हे. दुष्काळात सगळं भरून बसलेल्या माणसानं वरच्या सावकाराकडं केलेली वसुली आहे. नीत्शेचा देव युरोपातल्या विचारात मेला. तुकारामाचा देव व्यवहारात बुडाला. दोन मरणं वेगळी आहेत. त्यांना एका तिरडीवर बांधू नका.

त्याचं दुभंगलेलं मन घ्या. खरं-खोटं ठरवताना मनालाच साक्षीला उभं केलं, चारचौघांच्या मताला विचारलं नाही, असं तो सांगतो. व्यक्तिस्वातंत्र्याचा उद्गार म्हणून हा अभंग भाषणांत हमखास येतो. ठीक. पण साक्ष कुठं लागते? जिथं खटला असतो तिथं. तुकारामावर खटला होताच. शूद्रानं वेदाचा अर्थ सांगायचा नाही, कवित्व करायचं नाही, हा आरोप. रामेश्वर भटाच्या विरोधामुळं वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या ही कथा सगळ्यांना माहीत आहे. ज्या माणसाच्या जातीला धर्माच्या न्यायासनापुढं शब्दच काढायचा हक्क नाही, त्यानं आपल्या मनाला साक्षीदार केलं, कारण दुसरा साक्षीदार त्याला मिळणारच नव्हता. इथं मी आधुनिक हा शब्द बिनदिक्कत वापरीन. पण तो मनाच्या खोलीसाठी वापरणार नाही. ज्याला बोलायची बंदी आहे तो बोलतो, आणि बोलायचा हक्क आपल्या जातीनं नव्हे तर आपल्या अनुभवानं मिळालाय असं सांगतो, त्या कृतीसाठी वापरीन.

एकटेपणाचं तर फारच झालं. भामचंद्राच्या डोंगरावर एकटा बसलेला तुकाराम विद्वानांना भारी आवडतो. तो खाली उतरला हे त्यांना आवडत नाही. तो खाली आला, पडक्या देवळाची डागडुजी केली, टाळकरी जमवले आणि कीर्तनाला उभा राहिला. त्याचे अभंग लिहून घेणाऱ्यांत संताजी जगनाडे, जातीनं तेली. आधुनिकतावादी कविता एकट्यानं लिहायची, एकट्यानं वाचायची, तीनशे प्रती काढायच्या आणि आपल्याला कुणी समजून घेत नाही म्हणून खूश व्हायचं. अभंगाचं तसं नाही. त्याला ध्रुपद आहे. एक म्हणतो, मागचे उचलतात. वह्या बुडाल्या तरी कविता का बुडाली नाही? तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या ही गोष्ट ज्याला मानायची त्यानं मानावी. मला एवढं कळतं, की कविता तोवर लोकांच्या तोंडात जाऊन बसली होती. तोंडं काही नदीत बुडवता येत नाहीत.

या ठिकाणी काही जणांना न्याय दिला पाहिजे. दिलीप चित्र्यांनी आयुष्यभर तुकाराम उचलून धरला. १९९० चं ‘पुन्हा तुकाराम’ आणि १९९१ चं इंग्रजी भाषांतर, ही कामं ऐऱ्यागैऱ्याची नव्हेत. त्याच चित्र्यांनी नामदेव ढसाळांना इंग्रजीत नेलं. अरुण कोलटकरांनी तुकारामाला रस्त्यावरच्या इंग्रजीत बोलतं केलं. विंदांनी तुकोबा आणि शेक्सपिअर यांची भेट घडवणारी कविता लिहिली. मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये यंत्र, गिरणी, मुंबईची गर्दी सांगायला ओवी-अभंगाचाच घाट धरला, आणि त्यातल्या काही कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला तेव्हा कोर्टातून ते सुटले. म्हणजे या कवींना ठाऊक होतं की तुकाराम त्यांच्याही पुढं आहे. ते त्याच्याकडं मागायला गेले होते. त्यांच्यामागून आलेले प्राध्यापक मात्र त्याला द्यायला निघाले. काय, तर सर्टिफिकेट!

आता आपल्यातल्याच काहींना दोन गोष्टी सुनावतो. विद्वानांनी तुकारामाला एकाकी शहरी माणूस केला, तर आपले काही दोस्त त्याला मोर्चात झेंडा देऊन उभा करतात. आ. ह. साळुंख्यांनी १९९७ साली ‘विद्रोही तुकाराम’ लिहिला, त्याची गरज होती, कारण तुकारामाचा दात-नखं काढलेला भजनीबुवा करून ठेवला होता. पण म्हणून गाथेत जे अडचणीचं आहे ते डोळ्याआड करायचं का? ब्राह्मण कसाही असला तरी श्रेष्ठच, अशा अर्थाचा अभंगही त्याच्या नावावर आहे. कुणी तो मागाहून घुसडलेला मानतात, कुणी उपरोध समजतात. वाद आहे, आणि तो वाद आपण उघड्यावर घातला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला ही शिस्त लावलीय. १९२० साली ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्यांनी मस्तकावर तुकारामाचा अभंग घेतला. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’च्या वादात त्यांनीच ठणकावलं, की संतांनी जातीविरुद्ध लढा उभारला नाही, देवापुढं माणसं सारखी म्हणणं आणि माणसामाणसांत समता आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. घेतलं, तपासलं, जिथं कमी पडलं तिथं स्पष्ट सांगितलं, आणि तरी कृतघ्न झाले नाहीत. जुन्या कवीला वाचायची याच्याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

आणि तुटलेपणच आधुनिकतेची खूण असेल, तर मग तुकारामाच्याही तीनशे वर्षं मागं जा ना! पंढरपूरच्या देवळाबाहेर चोखोबा उभा आहे. एवढं तुटलेपण युरोपातल्या कुठल्या कादंबरीत सापडतंय दाखवा. गावकुसाबाहेर राहणाऱ्या या महाराला मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला लावलं आणि ते अंगावर कोसळून तो मेला, १३३८ साली. त्याची बायको सोयराबाई विचारते, की विटाळावाचून कुठला देह जन्माला आलाय ते सांगा. त्याचा पोरगा कर्ममेळा देवाला जाब विचारतो, की आम्हाला हीन करून, उष्ट्यावर जगवून तू काय मिळवलंस. पण हे तुटलेपण मनाचं नव्हतं हो! तिथं दार होतं, दाराशी माणूस होता, माणसाच्या हातात काठी होती. ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यालाही साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं टिकलेल्या बंदीला ‘परात्मता’ नावाचा गोड शब्द लावणाऱ्या माणसाला मी कवितेचा जाणकार समजत नाही.

एक नाव मात्र या सगळ्या गदारोळात राहून जातं. बहिणाबाई, १६२८ ते १७००. ब्राह्मणाची बाई, शूद्र तुकारामाला गुरू केला म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेली. तो मार तिनं अभंगात लिहून ठेवलाय. स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगणारी बाई, सतराव्या शतकात. आणि तिच्या नावावर ‘वज्रसूची’चं मराठी रूप आहे. मूळ वज्रसूची अश्वघोषाच्या नावावर, म्हणजे बौद्धांकडची, जन्मानं ब्राह्मण ठरतो या समजाच्या चिंधड्या करणारी. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या अडीच-तीनशे वर्षं आधी बौद्धांचा तो युक्तिवाद देहूच्या वाटेनं मराठीत आलेला आहे. आधुनिकतेची यादी करणाऱ्यांना तो दिसत नाही, कारण त्यात निराशा नाही, त्यात तर्क आहे. यांच्या यादीत रडणं बसतं, वाद घालणं बसत नाही.

यादीत न बसणारा दुसरा माणूस ज्योतिबा. इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामाची गाथा सरकारी मदतीनं दोन भागांत निघाली, १८६९ आणि १८७३ साली. त्याच १८६९ साली फुल्यांचा शिवाजीवरचा पवाडा आला आणि त्याच १८७३ साली ‘गुलामगिरी’. विद्वान पंडित गाथा छापत होते तेव्हा फुले तिचा घाट वापरत होते. अभंगाचा त्यांनी ‘अखंड’ केला आणि त्यात शेतकरी, बाई, मजूर यांचं सत्य सांगितलं. आणि आपला वाङ्मयेतिहास काय शिकवतो? आधुनिक मराठी कविता १८८५ च्या सुमाराला केशवसुतांपासून सुरू झाली. केशवसुत मोठेच. पण देहूहून पुण्याच्या गंजपेठेत पायी आलेली आधुनिकता यांच्या मोजणीत धरलीच नाही, कारण ती बोटीनं आली नव्हती.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी जुन्या कवितेत आधुनिक विषय दाखवायला लागला, तर गप्प बसून माना डोलवू नका. तीन प्रश्न विचारा. एक, या कवितेत कोण कुणाचं देणं लागतो? दोन, ही गायली जात होती तेव्हा कोण आत उभं होतं आणि कोण बाहेर? तीन, ही कुणाच्या तोंडानं जगली आणि कुणाच्या हातानं छापली गेली? डनला विचारा, तुकारामाला विचारा, सोयराबाईला विचारा. आपल्यातल्या कवींनाही विचारा, मला धरून. उत्तरं नेहमी सोयीची येणार नाहीत. तुकारामाबद्दलही येणार नाहीत. येऊ नयेत.

आणि नुसतं विचारून थांबू नका. आपल्या वस्तीतल्या वाचनात एक रविवार गाथेला द्या. पाळी सुटल्यावर या, अंघोळ न करता या, पण या. गाथेतले दुष्काळाचे आणि हिशोबाचे अभंग मोठ्यानं वाचा, शेजारी बहिणाबाईची वज्रसूची ठेवा, वर फुल्यांचे अखंड ठेवा, आणि भांडा. ज्यांच्या आज्यानं हे अभंग ऐकले ते देवळाच्या पायरीखाली उभं राहून ऐकले. आपण ते आता टेबलावर घेऊन बसू आणि एकेक ओळ तपासू. कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची, ते आपण ठरवू.